मायची म्हैस आणि परदेशी भुकटी

माझ्या मायच्या मते दुधाची भुकटी जगात दोनच ठिकाणी असायला हवी: एक दुष्काळात आणि दुसरी तान्ह्या लेकराच्या डब्यात. तिसरीकडे कुठे ती दिसली की कुणीतरी कुणाच्या तरी तोंडचा घास पळवलाय, असं ती सरळ धरून चालायची. हे मत तिनं काही वाचून बनवलं नव्हतं. मोठ्या दुष्काळात खानदेशातल्या तिच्या गावच्या शाळेत परदेशातून आलेल्या भुकटीचं दूध पोरांना मिळायचं. घरून जर्मनचा पेला न्यायचा, रांगेत उभं राहायचं, कोमट पांढरं पाणी प्यायचं आणि वर्गात जाऊन बसायचं. वाटपाचं काम ज्याच्याकडे होतं त्यानं त्यातली काही पोती बाजाराच्या गावी एका हॉटेलवाल्याला विकली. गावाला कळलं. पोलीसबिलीस काही झालं नाही, पण त्याच्या घरचं पाणी पुढे कुणी प्यालं नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात पानं मांडून ठेवली होती आणि बसायला माणसं आली नाहीत, असं माय सांगायची. सांगताना तिच्या आवाजात तो राग अजून ताजा असायचा, आणि मी, सुरतेत जन्मलेली, त्या माणसाचं तोंडसुद्धा न पाहिलेली, तिच्या जोडीनं त्याच्यावर रागावून बसायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते बरंचसं यामुळे झालं. श्रीमंत देशांनी आपल्या शेतमालाच्या निर्यातीला सरकारी पैसा द्यायचा आणि मग त्यावरून एकमेकांच्या उरावर बसायचं, हा विषय तसा पुस्तकातला. वर्गात पंख्याखाली बसून ऐकायचा आणि परीक्षेत लिहून मोकळं व्हायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तो सुरतेच्या टोकाला, डिंडोलीत, आमच्या गोठ्यापर्यंत येऊन पोचला. आमच्याकडे एकच म्हैस होती, आणि ती आमच्याकडे राहते की जाते एवढाच काय तो आमचा प्रश्न होता.

बाबा जवळच कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होते. मोठी बहीण लग्न होऊन नंदुरबारकडे गेलेली. घरात आम्ही तिघं आणि घरामागे म्हैस. डिंडोली तेव्हा अर्धी शेतं आणि अर्धे प्लॉट अशी होती. आमच्या मागच्या प्लॉटचा मालक कुठे तरी दूर राहायचा आणि बांधकाम काढत नव्हता, त्याच्या कृपेनं आम्हाला गोठा घालता आला. माणसं डिंडोलीत येत होती ती सगळी आमच्यासारखीच, धुळे-जळगावकडची, कुणी लूमवर, कुणी डाईंगमध्ये. बायका घरी साड्यांवर टिकल्या लावायच्या. माय टिकल्या लावायची नाही. ती म्हणायची, डोळे फुटतात आणि शेवटी साडी दुसरीच नेसते.

मायचं काम मावा करायचं. आमच्या म्हशीचं आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांचं दूध ती घ्यायची, मोठ्या कढईत आटवायची आणि जुन्या सुरतेतल्या एका घारीवाल्या शेठला द्यायची. सुरतेबाहेरच्यांना घारी सांगावी लागते. पिस्ता-बदाम घातलेल्या माव्याचा गोळा मैद्याच्या पातळ पारीत भरायचा, तुपात तळायचा आणि वर पुन्हा थिजत्या तुपाचा थर द्यायचा. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडवा. त्या संध्याकाळी अख्खी सुरत घराबाहेर, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला चादर टाकून चांदण्यात बसते आणि घारी खाते. गरीब माणूसही त्या दिवशी एखादी तरी घारी आणतोच. तेव्हा त्या महिन्यात शेठ मायला जपून असायचा. एरवी ‘मासी’ म्हणायचा, त्या महिन्यात ‘मासीबा’.

म्हशीचं नाव काही नव्हतं, माय तिला ‘बाई’ म्हणायची. प्लेगच्या साली ती जन्मली. त्या वर्षी सुरत ओस पडली होती. आमची गल्ली भुसावळकडच्या गाडीला लोंबकळून गावाकडे पळाली. बाबांनी बोचकं बांधलं, दाराला कुलूप घातलं, आणि माय म्हणाली, “तुम्ही जा. म्हैसनं दूध कोन काढी? आनि हाई पारडी काय गाडीमा बठी का?” बाबांनी कुलूप काढलं. मग त्या रिकाम्या गल्लीत आम्ही, एक म्हैस आणि तिची नुकतीच झालेली पारडी एवढेच राहिलो. तोंडाला फडकी बांधून माय चारा कापायची. म्हातारी म्हैस पुढे मेली, पारडी मोठी झाली, व्याली, दुधाला आली. मायनं तिला हातानं वाढवलं होतं. कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, आमच्याकडे घरातल्या माणसांच्या नावानं मुठीनं गहू घेतात. माय सगळ्यांच्या मुठी झाल्या की आणखी एक मूठ गुपचूप टाकायची. चुलत काकूनं एकदा पकडलं. म्हणाली, जनावराच्या नावाचे गहू रोटात चालत नाहीत. माय म्हणाली, मग तुझ्या नवऱ्याचे कसे चालतात? काकू हसली आणि विषय संपला.

अशा घरात एका दुपारी शेठची स्कूटर आली. मागोमाग रिक्षात एक पोतं. शेठ माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. गेले काही महिने तो माव्याला भाव कमी देत होता आणि देताना त्याला अवघड व्हायचं, नजर दुसरीकडे असायची. त्या दिवशी मात्र तो खुशीत होता.

“मासी, आ जुओ,” त्यानं पोत्याचं तोंड उघडून पांढरी भुकटी मुठीत घेतली. “परदेशनो माल. पाणीमां नाखो, थोडुं तमारुं दूध नाखो, ने मावो तैयार. लाकडुं ओछुं, मेहनत ओछी.” सरपण कमी, मेहनत कमी.

मायनं मला हाक मारली आणि पोत्यावरचं वाचायला लावलं. मी इंग्रजी वाचलं. युरोपातल्या एका देशाचं नाव होतं आणि खाली मलई काढलेल्या दुधाची भुकटी असं लिहिलं होतं. माय भुकटीचा वास घेऊन मागे सरली.

“हाई शायामानी शे,” ती म्हणाली. शाळेतली.

शेठला वाटलं ती मालाच्या जातीबद्दल शंका घेतेय. तो समजावायला लागला की माल चांगला आहे, स्वस्त आहे म्हणून कमअस्सल नाही. स्वस्त का, तर “ए लोकोनी सरकार पोताना पैसा आपे छे, एटले.” त्यांचं सरकार वरून पैसे देतं, म्हणून. ही गोष्ट सांगून त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मायला तेवढंच हवं होतं.

“सरकारनी पैसा भरेल शे,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “मंग हाई दानच शे. दान इकस का कोनी?” आणि शेठला तिच्या त्या डिंडोलीच्या हिंदीत, “शेठ, ये धरम का माल है. भूखे बच्चे का. इसका मावा मैं नहीं बनाऊंगी.”

शेठ हसला, मग हसायचा थांबला. विचार करा म्हणाला, पोतं ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मायनं बाबांना कामावर जाण्याआधी ते पोतं रिक्षात घालून त्याच्या दुकानी पोचतं करायला लावलं. घरात तिनं ते रात्रीपुरतंही ठेवलं नव्हतं, गोठ्याबाहेर झाकून ठेवलं होतं.

मी तेव्हा कॉमर्सला होते, दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजला जाणारी पहिली, त्यामुळे माझ्या अंगात थोडी मिजास होती आणि मायला समजावून सांगण्याचा मला अधिकारच आहे असं मी धरून चालले होते. नेमका तेव्हाच वर्गात सर हा विषय शिकवत होते. माय कढईपाशी बसून उलथनं फिरवत होती आणि मी पाटावर बसून तिला सांगत होते, की हे दान नाही माय. युरोपात दूध गरजेपेक्षा जास्त होतं. गोदामं लोण्यानं आणि भुकटीनं भरून वाहतात. ते टाकताही येत नाही आणि तिथे विकलं तर तिथला भाव पडतो. मग सरकार व्यापाऱ्याला सांगतं, बाहेर नेऊन काय येईल त्या भावाला विक, तुझी तूट आम्ही भरून देतो. हे पाहून अमेरिका म्हणते, तुम्ही देता तर आम्ही का देऊ नये? तीही आपल्या व्यापाऱ्यांना देते. आणि ज्या देशांकडे असा पैसा नाही पण गायी पुष्कळ आहेत, ते जिनिव्हाला, जागतिक व्यापार संघटनेकडे जाऊन दोघांच्या नावानं बोंब मारतात.

“आनि आपलं सरकार?” मायनं विचारलं.

इथे माझी गाडी जरा अडायची. कारण आपल्या देशानं फार मागे, आपल्याकडे दुधाची टंचाई असताना, भुकटीवर आयात कर लावणार नाही असं कबूल करून ठेवलं होतं. शब्द दिला होता, लिहून दिला होता. आता दूध आपल्याकडे भरपूर झालं तरी तो शब्द तसाच होता. मागे घ्यायचा तर पुन्हा सगळ्यांबरोबर बसायचं, दुसरं काहीतरी द्यायचं आणि मग तो सोडवून घ्यायचा. सर म्हणायचे की त्याच्या वाटाघाटी चालू आहेत.

माय ऐकून घ्यायची. शेवटी तिनं एकच विचारलं, “असं कोन करस व? सोतानं दूध, वरतून सोताना पैसा, आनि परकाले स्वस्त?” मी म्हटलं, करतात. आपला बाजार हातात यावा म्हणून करतात. तिनं मान हलवली. तिला माझं खरं वाटत नव्हतं असं नाही. एखादं सरकार इतकं हलकट असेल हे तिच्या गळी उतरत नव्हतं. पैसा भरून दुसऱ्याला खायला पाठवणं याला तिच्याकडे एकच शब्द होता, आणि तो पुण्याचा होता. वाईट होता तो मधला, जो ते विकतो. म्हणजे तिच्या हिशेबात युरोप सज्जन आणि आमचा शेठ चोर. मी डोक्याला हात लावायची.

समोरच्या घरच्या काकूनं शेठकडून ते पोतं मागवून घेतलं. तिच्याकडे म्हैस नव्हती, दूध माय तिच्याकडून घेत नव्हती, पण कढई होती आणि हात सराईत होता. तिच्या चुलीवर पांढराशुभ्र मावा भराभर व्हायला लागला. ज्या दोन-तीन घरांचं दूध माय घ्यायची त्यांचं दूधही आता तिला झेपेना, कारण शेठ कमीच घ्यायला लागला. त्या घरांनी आपल्या म्हशी एकेक करून काढल्या. माय तेवढ्यानंही हलली नाही. तिच्यापाशी आता फक्त बाईचं दूध उरलं आणि ती तेवढंच आटवायची, त्याच मोठ्या कढईत, तळाला.

पेपरात कधीतरी छोटी बातमी यायची. युरोप असं म्हणाला, अमेरिका तसं म्हणाली, आमच्या मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली. मी कॉलेजच्या वाचनालयात गुजराती पेपर वाचायची आणि घरी येऊन सांगायची. त्या महिन्यांत मायला त्या बातम्यांचा नादच लागला. दारात चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज, “भांडन मिटनं का त्यासनं?” तिला ती सगळी भाऊबंदकी वाटायची, बांधावरची. मोठा भाऊ, मधला भाऊ, दूरचे चुलते. असं भांडण कधीतरी मिटतंच, कुणी म्हातारं माणूस मधे पडतं, हा तिचा अनुभव. भांडण मिटलं की भुकटी यायची थांबेल, शेठ पुन्हा मासीबा म्हणेल आणि बाई दावणीला राहील. मी रोज सांगायची, नाही मिटलं. तिचा चेहरा तेवढ्यापुरता पडायचा. मला त्या जिनिव्हातल्या माणसांचा इतका राग यायचा की काय सांगू. तिथे कुणी तरी एक शब्द इकडचा तिकडे करायला महिना लावत होतं आणि इथे ढेपेचं पोतं महाग झालं म्हणून माय स्वतःच्या ताटातली भाकरी गोठ्यात नेत होती.

चंदी पडवा आला. मायला शेठकडून निरोप आला नव्हता. तरी तिनं आदल्या दोन दिवसांचं दूध राखून मावा केला. भांडं घासून लख्ख केलं, मावा स्टीलच्या डब्यात भरला आणि मला म्हणाली, चल. आम्ही बसनं गेलो. दुकानापुढे ही गर्दी. कारागीर आत बसून घाऱ्या वळत होते आणि त्यांच्यापुढे परातीत माव्याचा ढीग, पांढरा, चुन्यासारखा. मायनं आपला डबा उघडला. आमचा मावा तांबूस, दाणेदार, बाजूनं तूप सुटलेला. इतकी वर्षं शेठ हाच मावा बोटावर घेऊन आल्यागेल्याला दाखवायचा.

शेठनं डब्यात पाहिलं आणि खरंच त्याला वाईट वाटलं. “मासी, हवे घराकने धोळो जोईए,” तो म्हणाला. गिऱ्हाइकाला आता पांढरा हवा. हा मिसळला तर घारीचा रंग एकसारखा येत नाही, लोक विचारतात की हा शिळा आहे का. कारागिरांपैकी एकानं, तो तर आमचाच खानदेशी, मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली घातली. शेठनं लाजेकाजेस्तव डब्यातला थोडा मावा काढून घेतला. बाकीचा डबा मायनं झाकला आणि पदराखाली धरला. बसमध्येही तिनं तो बाहेर काढला नाही. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला लाज वाटत होती. अस्सल दुधाचा मावा घेऊन निघालेल्या बाईला लाज वाटत होती, आणि ती मला पाहवत नव्हती.

घरी आल्यावर तिनं तो मावा साखर घालून परतला, वड्या पाडल्या आणि गल्लीत वाटल्या. समोरच्या काकूकडेही पाठवल्या. काकू वडी हातात घेऊन आमच्या दारात आली. “मन्हा घरमा तीन पोरं शेतस व,” ती म्हणाली. माय म्हणाली, “माले म्हाईत शे. तू खा.” काकूनं तिथेच उंबऱ्यावर बसून ती खाल्ली. मग काकू डोळे पुसत गेली.

थंडी सुरू होता होता बाई आटली. ती गाभण होती. एरवी अशा वेळी माय तिला गावाकडे मामाकडे पाठवायची, तिथे ती शेताच्या बांधावर चरायची आणि व्यायच्या आधी परत यायची. या वेळी टेम्पोला आणि चाऱ्याला काहीच नव्हतं. बाबा कधी जास्त बोलायचे नाहीत. एका सकाळी पाळी संपवून आले, गोठ्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “आते नही जमस. चारा कथाईन लयू?” चारा आणू कुठून, असं. माय गोठ्यात जाऊन रिकामी गव्हाण झाडायला लागली, म्हणजे तिनं ते मान्य केलं. कामरेजजवळ एकाचा तबेला होता, तो गाभण म्हैस घ्यायला तयार होता.

मी हातपाय आपटले. पेपरात आलं होतं की सरकार आता लवकरच कर लावणार, वाटाघाटी पुढे गेल्यात. थोडं थांबा म्हटलं. “कधी लावतीन?” मायनं विचारलं. ते मला कुठे माहीत होतं? त्याच सुमाराला सगळ्या देशांची एक मोठी बैठक अमेरिकेत भरली आणि काही न ठरता मोडली. ते मी मायला सांगितलंच नाही. पण बाबांनी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं, त्यांनी सांगितलं. माय म्हणाली, “बठनात आनि उठी गयात, नई?” आणि त्या दिवसापासून भांडण मिटलं का हे तिनं मला विचारणं बंद केलं.

तबेलेवाला भर दुपारी टेम्पो घेऊन आला. मायनं बाईला धुतलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं, कपाळाला हळदकुंकू. आमच्याकडे रीत अशी की जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, गळ्यात घालायचं, मग विकणारा आपलं सोडून घेतो आणि खुंटीला अडकवतो. दावं घरात राहिलं म्हणजे दावण राहिली, त्या जागी पुन्हा जनावर येतं. दाव्यासकट जनावर दिलं तर त्या घरी पुन्हा जनावर टिकत नाही. हे सगळ्यांना इतकं माहीत असतं की कुणी बोलतसुद्धा नाही. तबेलेवालाही जाणता होता, त्यानं नायलॉनची नवी हिरवी दोरी आणली होती.

मायनं बाईचं दावं सोडलं. ते बाबांनी लूमवरच्या वाया गेलेल्या धाग्यांचं वळलेलं होतं, सगळे रंग त्यात, हाताळून हाताळून मऊ झालेलं. तबेलेवाल्यानं नायलॉनची दोरी घातली आणि ओढली. बाईनं पाय रोवले. तिच्या गळ्याला असं काही कधी लागलंच नव्हतं. त्यानं जोर केला तशी ती मागे हटली, डोळे मोठे केले आणि ओरडली. पोटात पारडू असलेलं जनावर, फळीवर चढताना पाय घसरला तर दोघंही जातात. ड्रायव्हरनं मागून काठी उगारली.

“थांब!” माय ओरडली. ती पुढे झाली, नायलॉनची दोरी काढून तिनं त्या माणसाच्या हातात दिली आणि आपलं दावं पुन्हा बाईच्या गळ्यात घातलं. तिच्या कानाशी काहीतरी बोलली. बाई शांत झाली. माय पुढे चालली आणि बाई तिच्यामागून फळी चढून टेम्पोत जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता माय दोरी बदलेल. मायनं दाव्याचं दुसरं टोक टेम्पोच्या दांडीला बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि खाली उतरली.

बाबा एवढंच बोलले त्या दिवशी. “दावं देतस नही व. येडी व्हयनी का?”

“ती भ्याई ऱ्हायनी,” माय म्हणाली. “जाऊ द्या तिनं दावं तिनासंगे.”

बाबांनी पुढे होऊन गाठ सोडायला हात घातला. मायनं त्यांचा हात धरला. तबेलेवालाही म्हणाला की मासी, मी वाटेत बदलतो आणि पाठवून देतो, असं करू नका. ती नको म्हणाली. वाटेत बदललं तर ती वाटेत घाबरेल. टेम्पो निघाला. मला वाटलं होतं माय मागे धावेल किंवा मटकन खाली बसेल. ती गोठा झाडायला लागली. मी रडत होते, तिनं मला शेण उचलायला लावलं.

भुकटीवर कर लागला. लागला बरं का, खरोखर. उन्हाळ्याच्या आत सरकारनं तो शब्द सोडवून घेतला. बदल्यात काय दिलं ते मला समजलं नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही राहिली नव्हती. ठरावीक मालापलीकडे येणाऱ्या भुकटीवर जबर कर. आमच्या सरांनी वर्गात ही बातमी आनंदानं सांगितली आणि मुलांनी वहीत उतरून घेतली. मी वही मिटली. घरी जाऊन मी मायला सांगितलं नाही. ती तेव्हा टिकल्या लावायला लागली होती. उंबऱ्याजवळ उजेडात बसायची, मांडीवर साडी, शेजारी वाटीत टिकल्या, सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करायची.

मग शेठच आला. स्कूटर लावली, आत आला, पाटावर बसला. भुकटी महाग झाली होती आणि मोठी गिऱ्हाइकं पुन्हा दुधाचाच मावा मागायला लागली होती. लग्नसराई तोंडावर होती. त्यानं गोठ्याकडे नजर टाकली. गोठ्यात आता सायकल आणि सरपण होतं. मायनं त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला, आणि मला उगाच वाटलं की भुकटी विकणाऱ्याच्या घरचं पाणी न पिणाऱ्या गावातली ही बाई याला आपल्या घरचं पाणी देतेय.

“मासी, बीजी भेंस लई लो,” तो म्हणाला. “हुं बेठो छुं ने. पैसानी चिंता न करो.” दुसरी म्हैस घ्या, मी आहे ना.

मायनं मान हलवली. “शेठ, दावं दे दिया,” ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात शिकलेली, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारी, मायशी त्यावरून वाद घालून थकलेली. मी म्हटलं होतं तिला की माय, दोरीनं काय होतं, पुन्हा आणू. तिनं ऐकलं नव्हतं. बाईच्या घाबरलेल्या डोळ्यांपुढे तिनं आपली दावण देऊन टाकली होती, आणि देताना तिला पुरतं माहीत होतं की ती काय देतेय. एकदा दिलेलं ती परत कसं घेणार? मी शेठला गुजरातीत सांगितलं की म्हशीबरोबर हिनं दोरडुं पण देऊन टाकलं.

शेठ मोकळेपणानं हसला. त्याला वाटलं, एवढंच ना! “अरे मासी, दोरडुं तो बजारमां मळे छे!”

“हां शेठ,” माय म्हणाली, “बाजार में सब मिलता है.” आणि तिनं मांडीवरची साडी उजेडाकडे ओढली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या नेढ्यात जात नव्हता. शेठ गेल्यावर मी तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली.